जवळच्या हॉटेलातल्या फ्रेंच फ्राईज तुम्ही कशा पारखता?

गोदातीर | शनिवार, रात्री १०:४०

नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या एका गल्लीत, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर एक छोटं हॉटेल आहे. नाव लिहीत नाही. मालक भला माणूस आहे आणि कष्टाने हॉटेल चालवतो. गेली आठ वर्षं दर शनिवारी आम्ही चौघं तिथे जेवायला जातो. बाकी काय मागवायचं ते बदलतं, पण आधी फ्राईजची एक प्लेट ठरलेली. लेक तीन वर्षांची असताना तिथल्याच खुर्चीत उभी राहून तिने पहिली फ्राय खाल्ली होती. आता ती अकराची झाली.

ऑगस्टपासून या फ्राईज बिघडल्या आहेत. पूर्वी यायच्या त्या फिक्या सोनेरी, टोकांना करकरीत, आत पिठूळ आणि वाफाळत्या. आता तपकिरी येतात, टोकं काळपट असतात आणि दोन मिनिटांत माना टाकतात. चव आधी किंचित गोड लागते, मग जिभेवर कडवटपणा राहतो. नवऱ्याला फरक जाणवत नाही. मुलाचं म्हणणं, "त्यांनी फ्रोझन आणायला सुरुवात केली असणार." लेक म्हणते, "आई, सॉस लाव आणि खा."

माझी पारखायची पद्धत सांगते. पहिली फ्राय सॉस न लावता, टेबलावर आल्या आल्या खायची. दुसरी पाच मिनिटांनी. तिसरी प्लेट संपत आल्यावर, तळाशी उरलेल्यांतली. या तिन्हींवरून मनात दहापैकी गुण देते. ऑगस्टपर्यंत कधी नऊच्या खाली आले नव्हते, आज चार दिले आणि खरंच वाईट वाटलं.

तुम्ही काय बघता? आणि इथे नेमकं बिनसलं काय असेल?

सायसाखर | शनिवार, रात्री १०:५२

मी आधी मीठ बघते. तळणीतून निघाल्याबरोबर, अंगावर तेल चकाकत असतानाच मीठ पडायला हवं, म्हणजे ते चिकटतं. निवल्यावर टाकलं की सगळं प्लेटच्या तळाशी. पहिल्या फ्राईज अळणी आणि शेवटच्या खारट लागल्या तर आत कुणाचं लक्ष नव्हतं असं समजावं.

कट्टेकरी | शनिवार, रात्री ११:०५

मुलाशी सहमत. फ्रोझनच असणार. मऊ, गोडसर आणि बेचव, सगळी लक्षणं जुळतात.

तळणमास्तर | रविवार, सकाळी ७:३०

कट्टेकरी, मला तसं वाटत नाही. अकरा वर्षं पुण्यात हॉटेलांच्या भटारखान्यात काढली, आता स्वतःची खानावळ चालवतो. फ्रोझन म्हणजे वाईट हा समज मला कधीच पटला नाही.

कारखान्यात बटाटा वाफेवर सोलतात, पाण्याच्या जोरावर सुऱ्यांच्या जाळीतून ढकलून कापतात, गरम पाण्यातून काढून वाळवतात, मिनिटभर तळतात आणि मग गोठवतात. म्हणजे पहिली तळणी तिथेच झालेली असते. आपण फक्त दुसरी करायची. बटाटाही निवडून घेतलेला, त्यामुळे रंग पाकीटभर एकसारखा येतो. फ्रोझन फ्राय बिघडते ती आपल्या हाताने. पाकीट आधी बाहेर काढून वितळू दिलं, किंवा घाईत बास्केट गच्च भरली, की तेल एकदम थंड पडतं आणि मग ती तळली न जाता तेलात शिजते.

गोदाताईंच्या वर्णनात एका प्लेटमध्ये काळपट टोकं, तपकिरी अंग आणि गोड चव आहे. हे मला फ्रोझनपेक्षा हाताने कापलेल्या बटाट्याचं लक्षण वाटतं. पण खात्री त्या हॉटेलात विचारूनच होईल.

आता पारखायचं म्हणाल तर मी आधी कानाने पारखतो. फ्राय मधोमध मोडायची. बारीक 'कट्' असा आवाज आला पाहिजे आणि मोडल्या जागी कोरडा, भुसभुशीत गर दिसला पाहिजे. गर ओला, चकचकीत असेल तर बटाटा चिकट जातीचा किंवा कच्चा आहे. आत पोकळ असेल तर तेल फार तापलं होतं.

मग बोटं बघायची. तेल फ्रायमध्ये शिरतं ते बरचसं कढईतून बाहेर काढल्यावर. तळताना आतल्या पाण्याची वाफ बाहेर जोर करत असते, ती तेलाला आत येऊ देत नाही. बाहेर काढल्यावर वाफ निवते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून बास्केट वर घेतल्याबरोबर तीन-चारदा जोरात झटकायची. बोटं तेलकट झाली तर समजा, झटकायचं राहिलं.

शेवटी वास. जुन्या तेलाचा खवट वास कुठल्याही मसाल्याने झाकत नाही. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर घटक साचतात, म्हणजे तेल खराब झाल्याची खूण. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजायचं हातात धरायचं यंत्र मिळतं. आमच्या खानावळीत ते नाही, मी रंग, फेस आणि वास यांवर जातो आणि शंका आली की तेल बदलतो.

मृदगंधा | रविवार, सकाळी ८:१५

मास्तर, 'वाफ तेलाला आत येऊ देत नाही' हे वाचून भजी तळताना आई "बुडबुडे कमी झाले की काढ" का म्हणायची ते आज कळलं. वाचनखूण साठवली.

शुद्धमती | रविवार, सकाळी ९:०२

अवांतर आहे, पण राहवत नाही. फ्राईज 'मागवल्या' की 'मागवले'? धागाकर्तीने स्त्रीलिंग वापरलंय. आमच्याकडे सगळे 'फ्राईज छान होते' म्हणतात.

कट्टेकरी | रविवार, सकाळी ९:१०

होते.

मृदगंधा | रविवार, सकाळी ९:१४

होत्या! ती फ्राय, त्या फ्राईज. जशी ती सळी, त्या सळ्या.

शुद्धमती | रविवार, सकाळी ९:३१

पण ते काप असतील तर? तो काप, ते काप. परक्या शब्दाला आपण लिंग देतो ते मनातल्या आपल्या शब्दावरून. ज्याच्या घरी बटाट्याचे काप होत असतील तो 'होते' म्हणेल, जिच्या घरी उपासाला सळी होते ती 'होत्या' म्हणेल. हा आपला माझा अंदाज.

गोदातीर | रविवार, सकाळी ९:४८

शुद्धमती, आमच्या घरी सळीच होते! अंदाज बरोबर निघाला.

तळणमास्तर, सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. काल मोडून बघितलं नव्हतं, पुढच्या शनिवारी बघते. बोटं मात्र तेलकट झाली होती हे नक्की.

डोंबिवली_फास्ट | रविवार, सकाळी १०:२०

तुम्ही निदान तिथे बसून खाता. आमच्याकडे सगळं पार्सल. खोका बंद, आत वाफ, वाफेचं पाणी पुन्हा फ्राईजवर. पंचवीस मिनिटांनी घरी येतं ते बटाट्याचं भिजलेलं गाठोडं. त्यावरून हॉटेलला एक तारा देणारे लोक आहेत आणि मला ते अन्यायाचं वाटतं. फ्राईज पारखायच्या तर हॉटेलात बसून.

सायसाखर | रविवार, सकाळी १०:२६

डोंबिवली, पार्सल घेताना झाकण अर्धं उघडं ठेवायला सांगत जा. थोड्या निवतात, पण भिजत नाहीत. निवलेली फ्राय कोरड्या तव्यावर परतून जागी होते, भिजलेली होत नाही.

निवांत_नागपूर | रविवार, सकाळी ११:००

पेरी-पेरी मसाला मारलेल्या फ्राईजना मी गुण देतच नाही. मसाला म्हणजे पांघरूण, खाली काय आहे ते दिसत नाही. नुसत्या मिठाच्या मागवायच्या, मग बोलायचं.

मांडवी | रविवार, दुपारी १२:१५

निवांत, मसाल्याला इतकं टाकून बोलू नका. 'पिरी-पिरी' हा शब्द मूळ आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतल्या 'पिलिपिली'वरून, अर्थ मिरची. पोर्तुगीज मोझांबिककडून तो इकडे आला. आमच्या गोव्यात त्याची चव जुनी आहे, पाकिटातल्या लाल पुडीशी तिची तुलना नको. चिकन काफ्रियालच्या ताटात हाताने कापलेले जाड बटाटा चिप्स येतात. त्यांच्यावर मसाला नसतोच, काफ्रियालची हिरवी ग्रेव्ही हळूहळू त्यांच्याखाली सरकते. टोक कुरकुरीत आणि बूड ग्रेव्हीत भिजलेलं, असा एकेक चिप. त्याला करकरीतपणाचे गुण लावले तर तो नापास होईल आणि ते चूक ठरेल. म्हणून माझ्या मते आधी विचारायचं, ही फ्राय कशाबरोबर खायची आहे?

आणि बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आलेला. हिंदीवाले आलू म्हणतात, आपण कोकण-गोव्यापासून घाटापर्यंत बटाटाच म्हणतो.

रंकाळा | रविवार, दुपारी १२:४०

मांडवीताईंना जोरदार अनुमोदन. कोल्हापुरात मिसळीच्या कटात फ्राय बुडवून खाऊन बघा. शेवेसारखी लगेच विरघळत नाही, कट पिते आणि तरी दाताखाली येते. आमच्यात फ्राय किती वेळ कटात टिकते यावरून गुण.

तळणमास्तर | रविवार, दुपारी १२:५५

रंकाळा, ही परीक्षा मला आवडली. दोनदा तळलेली फ्राय तिथे टिकेल, एकदा तळलेली टिकणार नाही. पहिली तळणी १५० अंशांच्या आसपास, आतला गर शिजेपर्यंत. मग पूर्ण निवू द्यायची. मग १८० अंशांवर दोन-तीन मिनिटं. पहिल्या वेळी बाहेरच्या थरातला स्टार्च फुलतो, निवताना तो आवळतो, दुसऱ्या वेळी त्याचंच कवच होतं. घाईच्या वेळी हॉटेलं पहिली पायरी गाळतात आणि कच्च्या बटाट्याला एकदम मोठ्या आचेवर टाकतात. बाहेरून रंग येतो, पण कवच होत नाही.

ध्रुव_आइंडहोवन | रविवार, दुपारी ३:३०

नेदरलँड्समध्ये सात वर्षं आहे. इथे फ्राईजवरून भांडायला वेगळा विषय लागत नाही, नावापासूनच सुरुवात. उत्तरेकडे 'पाताट' म्हणतात, आमच्या दक्षिणेकडे 'फ्रीत'. आइंडहोवनला येऊन पाताट म्हणालात तर समोरचा लगेच दुरुस्त करतो. शुद्धमतींना इथे करमेल.

गाडीवर कागदाच्या शंकूत मिळतात, वर अंडं घातलेल्या मेयोनेजचा जाड गोळा. 'पाताचे ओर्लोख' म्हणून एक प्रकार आहे, शब्दशः 'युद्धाची फ्राईज': मेयोनेज, शेंगदाण्याचा साते सॉस आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. पहिल्यांदा खाताना मला चक्क दाण्याच्या कुटाची आठवण आली. साते सॉसमुळे असेल, पण आईला फोन करून सांगितलं होतं.

शेजारच्या बेल्जियमची तर सगळी शानच दोनदा तळण्यात आहे. तिथे बरेच जण अजून गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं. ब्रूजमध्ये फ्राईजचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन गेलो होतो.

पण मुद्द्याचं बोलायचं तर इकडचे लोक तळण्याइतकंच बटाट्याच्या जातीबद्दल बोलतात. 'बिंत्ये' ही त्यांची लाडकी जुनी जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या फ्रीसलँड प्रांतातल्या एका शाळामास्तरांनी ती तयार केली आणि आपल्या एका विद्यार्थिनीचं नाव तिला दिलं. गोदातीर, तुमच्या हॉटेलातला बटाटा बदललाय का, ते विचारा.

नवी_पाटी | रविवार, संध्याकाळी ५:१०

नवरात्र आलंच आहे म्हणून विचारते. उपासाला बाहेरच्या फ्राईज चालतात का? बटाटा चालतो, मीठ चालतं, मग अडतं कुठे?

सायसाखर | रविवार, संध्याकाळी ५:२२

दोन ठिकाणी. काही फ्रोझन फ्राईजना कुरकुरीतपणासाठी पिठाचा पातळ थर दिलेला असतो, पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत. दुसरं म्हणजे तेल. त्याच कढईत समोसे आणि चिकन नगेट्स तळले असतील तर उपास राहू द्या, शाकाहारालाही बाधा येते. आमच्या सासूबाई म्हणतात, उपासाचं तळण घरच्याच कढईत. मला ते पटतं.

नवी_पाटी | रविवार, संध्याकाळी ५:३०

तेलाचा विचार केलाच नव्हता. हॉटेलात शाकाहारी तळणीची कढई वेगळी आहे का, हा माझ्यासाठी आता पारखायचा पहिला मुद्दा.

पठारावरची | रविवार, रात्री ९:१५

हा धागा दुपारपासून वाचतेय, आता कामं आवरून निवांत लिहिते. मी आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरची. आमच्याकडे पावसाळी बटाटा होतो, बेणं पंजाबातून येतं, चिप्सच्या कंपन्या करार करून माल उचलतात. त्यामुळे तळायचा बटाटा कसा असावा हे आम्हाला लहानपणापासून पाठ.

गोदाताई, तुमच्या हॉटेलात नक्की काय झालं ते मला कळलं असं वाटतंय. तपकिरी रंग, गोड चव, मागून कडवटपणा आणि ऑगस्टपासून सुरुवात. हा शीतगृहातला बटाटा आहे.

उत्तरेकडचा आणि गुजरातचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि शीतगृहात जातो. भाजीचा बटाटा तिथे २ ते ४ अंशांवर ठेवतात, म्हणजे मोड येत नाहीत. पण इतक्या थंडीत बटाटा आपल्यातल्या स्टार्चची साखर करायला लागतो. चार-पाच महिने असा राहिलेला बटाटा भाजीत थोडा गोड लागतो, फार बिघडत नाही. तोच तेलात टाकला की साखर करपते. आतला गर शिजायच्या आधी बाहेरून रंग येतो, आचारी बघतो की झालं, आणि काढतो. आत ओलावा तसाच राहिलेला, म्हणून फ्राय मान टाकते. आचाऱ्याचा दोष नाही, रंग त्याला फसवतो.

चिप्स-फ्राईजसाठीचा बटाटा म्हणूनच १०-१२ अंशांवर ठेवतात, मोड येऊ नयेत म्हणून वेगळी प्रक्रिया करतात. जातही वेगळी लागते. आपल्याकडच्या जातींच्या नावाआधी 'कुफ्री' असतं, ते शिमल्याजवळच्या कुफ्री गावावरून. कुफ्री ज्योती भाजीला उत्तम. कुफ्री चिपसोना १९९८ साली आली ती चिप्ससाठी. कुफ्री फ्रायसोना तर नावाप्रमाणे फ्राईजसाठीच, लांबट आणि आत कोरडी. फ्राईजच्या बटाट्यात पाणी सोडून उरणारा ऐवज २० टक्क्यांच्या वर हवा. तो कमी असला की कितीही तळा, आतून गिळगिळीतच.

ध्रुवदादांनी लिहिलेल्या मास्तरांची गोष्ट फार आवडली. आमच्या वाणांनाही कुणी शाळेतल्या मुलींची नावं द्यायला हवी होती.

कट्टेकरी | रविवार, रात्री ९:३०

पठारावरची, माझं फ्रोझनचं म्हणणं मागे घेतो. हे पहिल्यांदाच कळलं.

तळणमास्तर | रविवार, रात्री ९:४४

अगदी बरोबर, ताई. आम्हीही श्रावण-भाद्रपदात रडायचो आणि व्यापाऱ्याला शिव्या घालायचो, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. "इंदूरचा आहे, चांगला आहे" एवढंच तो म्हणायचा.

मृदगंधा | रविवार, रात्री ९:५०

यावर हॉटेलवाल्याने काय करायचं? नवा बटाटा येईपर्यंत फ्राईज बंद ठेवायच्या?

पठारावरची | रविवार, रात्री १०:१०

बंद नको. दोन उपाय आहेत. पोतं शीतगृहातून आणून साध्या हवेत, अंधारात दोन-तीन आठवडे पसरून ठेवायचं. उबेत साखर बरीच कमी होते. अंधार हवाच, उजेडात बटाटा हिरवा पडतो आणि हिरवा बटाटा खायचा नाही.

तेवढी जागा किंवा वेळ नसेल तर काप गार पाण्यात धुऊन घ्यायचे, मग उकळी फुटायच्या आधीच्या गरम पाण्यात पाच-सहा मिनिटं ठेवायचे. वरच्या थरातली साखर पाण्यात उतरते. ते पाणी टाकून द्यायचं, काप कपड्यावर पूर्ण कोरडे करायचे, मग मास्तरांनी सांगितलं तसं दोनदा तळायचं. गडद तपकिरी होऊ द्यायचं नाही. साखर जास्त आणि आच मोठी असली की ॲक्रिलामाइड नावाचं तब्येतीला घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं, २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी ते तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत दाखवून दिलं. म्हणून फिका सोनेरी रंग तब्येतीलाही बरा.

निवांत_नागपूर | सोमवार, सकाळी ८:०५

हे त्या मालकाला कोण सांगणार? गिऱ्हाइकाने भटारखान्यातलं शिकवलेलं किती जणांना आवडतं?

गोदातीर | सोमवार, सकाळी ८:४०

निवांत, आठ वर्षांची ओळख आहे. मी सांगेन. तक्रार म्हणून नाही, विचारपूस म्हणून. पठारावरची, तुमचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून घेतलाय.

वाटेवरची | सोमवार, दुपारी १:३०

मी कॉलेजात असताना एका मोठ्या साखळीच्या दुकानात फ्रायरवर काम केलं आहे. तिथे घड्याळ लावलेलं असायचं, तळून सात मिनिटं झाली की उरलेल्या टाकून द्यायच्या. सुरुवातीला मला अन्न टाकताना रडू यायचं, पण सात मिनिटांनंतर त्या खरंच वेगळ्या लागतात. आतला ओलावा कवचात येतो. छोट्या हॉटेलात एवढं टाकणं परवडत नाही आणि टाकूही नये. पण मग मागणी आल्यावरच तळायला हवं. टेबलावर यायला बारा मिनिटं लागली तर मी खूश असते. दोन मिनिटांत आल्या तर त्या माझ्या आधीच कुणासाठी तरी तळलेल्या असतात.

डोंबिवली_फास्ट | सोमवार, दुपारी १:४२

वाटेवरचीचा बारा मिनिटांचा नियम माझ्याकडून मान्य. आम्ही उशीर झाला म्हणून ओरडतो, आणि तिथेच चुकतो.

रंकाळा | सोमवार, दुपारी २:००

गोदाताई, शनिवारी काय झालं ते कळवा. आम्ही कट तयार ठेवतो.

गोदातीर | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ९:२०

उशिरा लिहितेय, पण सगळं सांगता यावं म्हणून थांबले होते.

त्या आठवड्यात मी शनिवारची वाट न बघता बुधवारी दुपारी चार वाजता गेले, गर्दी नसते तेव्हा. मालकाला म्हटलं, "दादा, फ्राईज पूर्वीसारख्या होत नाहीत, बटाटा बदललाय का?" त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, तुम्हीच पहिल्या बोललात. बाकीचे मागवायचे बंद झाले, पण कारण कुणी सांगेना." मग मला आत नेऊन पोतं दाखवलं. बटाटा हाताने कापलेलाच होता. फ्रोझन त्यांनी आजवर आणलेलं नाही. जूनमध्ये त्यांचा नेहमीचा व्यापारी आजारी पडला, तेव्हापासून पंचवटीच्या मार्केट यार्डातून मिळेल तो माल येत होता. नव्या व्यापाऱ्याला फोन लावून विचारलं, तर पठारावरची म्हणाली तेच. मार्चचा माल, शीतगृहातला.

तेलही त्यांनी दोनदा बदलून बघितलं होतं. आचाऱ्याला बोलले होते. तो मुलगा बिहारचा आहे, तो कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. रंग आचाऱ्याला फसवतो हे मी सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, "मैं भी यही बोल रहा था, आलू मीठा है." त्याने जिभेवर ओळखलं होतं, पण त्याचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मालकांनी तिथल्या तिथे त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दोन पोती माळ्यावर अंधारात पसरली. तोवर गरम पाण्याचा उपाय सुरू केला. पहिल्या शनिवारी सहा गुण. रंग सुधारला होता, पण काप पुरते कोरडे झाले नव्हते, म्हणून जरा तेलकट. दुसऱ्या शनिवारी सात. काल माळ्यावरचा बटाटा निघाला. टेबलावर यायला चौदा मिनिटं लागली. मोडून बघितली, मास्तर, 'कट्' आवाज आला. पाच मिनिटांनीही टोक ताठ होतं. तळाशी उरलेलीत मीठ जास्त नव्हतं. साडेआठ दिले.

नवऱ्याला फरक जाणवला का, असं कुणी विचारायच्या आधी सांगते, प्लेट त्यानेच संपवली. आणि लेकीने पहिली फ्राय सॉस न लावता खाल्ली.

पठारावरची | रविवार, सकाळी १०:०५

वाचून डोळे भरून आले. त्या आचारी दादाला माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे नवा बटाटा निघालाय. मालकांना हवा असेल तर काढणीनंतर शीतगृहात न गेलेला माल कुठे मिळतो ते मी संपर्कातून कळवते.

तळणमास्तर | रविवार, सकाळी १०:१२

दीड गुण कशाचा कापला, ताई?

गोदातीर | रविवार, सकाळी १०:३०

आत अजून जरा ओलसर आहेत, पूर्वीइतक्या पिठूळ नाहीत. नवा बटाटा आला की बघू. पठारावरची, मालकांना सांगते, त्यांना हवाच आहे.

शुद्धमती | रविवार, सकाळी ११:००

काल रात्री मीसुद्धा आमच्या गल्लीतल्या हॉटेलात गेले. चौदा मिनिटं थांबले, मोडून बघितल्या, सॉस बाजूला ठेवला.

मृदगंधा | रविवार, सकाळी ११:०४

मागवल्या की मागवले?

शुद्धमती | रविवार, सकाळी ११:०६

मागवल्या. दोन प्लेट.